परराज्यात पेढी, परराज्यात घर

अहिल्यानगर, जालना, लातूर, नाशिक, पुणे या बाजारपेठांतून ज्यांच्या पेढ्या तीन-चार पिढ्यांपासून उभ्या आहेत, त्या घरांतील वडीलधारी माणसे एक गोष्ट हमखास सांगतात. पणजोबा मारवाडातून दोरी-लोटा घेऊन निघाले, वाटेत ओळखीच्या गाववाल्याच्या दुकानी मुक्काम केला, काही वर्षे त्याच्याकडे मुनीमगिरी केली आणि मग स्वतःचे दुकान थाटले. गोष्टीतील गाव बदलते, साल बदलते. दोरी-लोटा मात्र बदलत नाही. त्या पणजोबांना मराठी येत नव्हते. त्यांची नातवंडे मराठी शाळेत शिकली आणि पणतू तर घरातही मराठीच बोलतात. अहमदनगरचे ओसवाल वकील कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, यावरून हे मुरणे किती खोलवर गेले होते ते ध्यानी येते. गुजरातेतून आलेल्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद तर पुढे स्वतःच दक्षिणेकडे वळले. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली.

आज हीच वाट पुन्हा वाहती झाली आहे. कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर, बार्शी, सोलापूर येथील घरांतील एक भाऊ गावच्या दुकानी आणि दुसरा बंगळुरूत, हुबळीत किंवा हैदराबादेत, असे चित्र आता दुर्मीळ राहिलेले नाही. कोणी मोठ्या बाजाराच्या ओढीने जातो, कोणी संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या मुला-मुलीच्या मागोमाग जातो. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भारतात कोठेही राहण्याचे आणि कोणताही वैध व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास दिले आहे. व्यापार देशभर मुक्त राहील, असे ३०१ वा अनुच्छेद सांगतो. तेव्हा परवानगी कोणाची मागावयाची नाही. तरीही पणजोबांच्या काळी जे दोरी-लोट्यावर भागले, ते आज भागत नाही. आजच्या व्यापाऱ्याच्या पाठीशी जीएसटीचे खाते असते, मुलांची शाळा असते, घराचे हप्ते असतात आणि सूर्यास्तापूर्वी जेवणारी आई असते. यांपैकी एकाचाही क्रम चुकला तर नुकसान पैशात किंवा वर्षांत मोजावे लागते.

उदाहरणादाखल जयसिंगपूरकडील एका कापड व्यापाऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. दोघे भाऊ, आई, थोरल्याची मुले मोठी झालेली, धाकट्याची मुलगी आठवी संपवून नववीत जाणार. धाकट्याने सहकुटुंब बंगळुरूला जावे आणि तेथे घाऊक साड्यांची पेढी काढावी, असे घरात ठरले आहे. अशा घरापुढे कोणकोणते प्रश्न उभे राहतात, ते पाहणे उपयुक्त ठरेल.

२७ चे २९ होताना

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. पुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची असल्यामुळे ती तीच राहतात. वरवर पाहता केवळ दोन आकडे बदलतात. पण कायद्याच्या दृष्टीने त्या दोन आकड्यांमुळे एकाच मालकाच्या दोन पेढ्या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. जयसिंगपूरच्या दुकानातून बंगळुरूच्या दुकानात माल पाठविला, तर घरातल्या घरात माल हलविला असे म्हणून चालत नाही. पैसे घेतले नाहीत तरी तो पुरवठाच मानला जातो. त्यावर आंतरराज्य कर म्हणजे आयजीएसटी लावून रीतसर बीजक करावे लागते, आणि मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिलही काढावे लागते.

हे ओझे वाटते. पण यातच एक सोय दडलेली आहे आणि पुष्कळ घरे ती उशिरा जाणतात. महाराष्ट्रातील क्रमांकाच्या खात्यावर खरेदीवरील कराचे जे क्रेडिट साठलेले असते, ते कर्नाटकातील खात्यावर उचलून नेता येत नाही. समजा, जुन्या खात्यावर दोन लाखांचे क्रेडिट शिल्लक आहे आणि गावचे दुकान पूर्णपणे बंद करावयाचे आहे. घाईने नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला, तर शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट परत भरावे लागते. उरलेले तेथेच अडकून पडते. उलट, आधी कर्नाटकात नोंदणी करून माल आयजीएसटीच्या बीजकाने तिकडे पाठविला, तर तो कर जुन्या क्रेडिटातून भरला जातो आणि नव्या खात्यावर तेवढेच क्रेडिट उभे राहते. नव्या दुकानास पूर्ण क्रेडिट मिळणार असेल, तर बीजकात लिहिलेली किंमतच बाजारभाव म्हणून ग्राह्य धरण्याची तरतूदही नियमांत आहे. म्हणून क्रम असा हवा : नवी नोंदणी, मग मालाची रवानगी, मग जुनी नोंदणी रद्द, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र. सनदी लेखापालाकडे टेम्पो भरण्याच्या आधी जावे. टेम्पो रवाना झाल्यावर गेल्यास तो फारसे काही करू शकत नाही.

धाकट्या भावाने स्वतःच्या पॅनवर स्वतंत्र पेढी काढली, तर गोष्ट वेगळी होते. मग ती दोन व्यापाऱ्यांमधील सरळ खरेदी-विक्री ठरते. पुष्कळ घरांत हा प्रश्न केवळ कराचा म्हणून सोडविला जातो, ही चूक होय. पेढी एकाच नावाने राहिली तर नफा-तोटा, कर्ज आणि जबाबदारी एकत्र राहते. वेगळी केली तर वाटणीचा पहिला दगड तेथेच बसतो. दोन्ही मार्ग योग्य असू शकतात. पण कोणता मार्ग पत्करला आहे, हे आई, दोघे भाऊ आणि दोन्ही जावांना स्पष्टपणे ठाऊक असावे.

छोट्या दुकानदारांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यांना दुसऱ्या राज्यात मालाची विक्री करता येत नाही, आणि एकाच पॅनवरील सर्व राज्यांतील नोंदण्यांना एकच पर्याय लागू होतो. गावचे दुकान कंपोझिशनमध्ये आणि बंगळुरूचे नियमित, असे चालत नाही. नवी शाखा काढताच गावच्या दुकानाचाही हिशेब बदलतो.

उद्यम नोंदणी मात्र देशभर एकच असते; तीत नव्या जागेची भर घालता येते. व्यवसाय कर राज्याचा असल्याने तो तिकडे नव्याने सुरू होतो. दुकान व आस्थापना नोंदणी कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्याखाली करावी लागते आणि महापालिकेचा व्यापार परवाना त्याहून निराळा. आणि घरचे सामान? वापरलेल्या घरगुती वस्तूंना ई-वे बिलाची गरज नसते. मात्र त्याच गाडीत साड्यांचे चार गठ्ठे टाकण्याचा मोह टाळावा. वाटेतल्या तपासणीत ते चार गठ्ठेच सर्व सामान अडवितात.

चिकपेटची पत

कन्नडमध्ये 'चिक्क' म्हणजे लहान आणि 'पेटे' म्हणजे बाजारपेठ. चिकपेट, बळेपेट, मामुलपेट, नगरतपेट, कब्बनपेट अशा पेठांनी मिळून जुन्या बंगळुरूची व्यापारी वस्ती बनली आहे. मराठी माणसाला ही जागा अगदीच परकी म्हणता येत नाही. सतराव्या शतकात बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते. अलीकडच्या काळात चिकपेटच्या कापड बाजारात राजस्थानातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांचे मोठे स्थान आहे, आणि गजबजलेल्या रस्त्यावरच आदिनाथ भगवंतांचे श्वेतांबर मंदिर आहे. सकाळी पूजेची वस्त्रे परिधान करून निघालेली मंडळी आणि डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल एकाच गल्लीतून वाट काढतात.

तेव्हा 'जय जिनेंद्र' म्हणणारा माणूस पहिल्या दिवशीच भेटतो. पण 'जय जिनेंद्र' ही ओळख झाली, पत नव्हे. गावी आडनाव सांगितले की उधारी मिळते, कारण त्या आडनावामागे तीन पिढ्यांची वेळेवर केलेली फेड असते. पेठेत तेच आडनाव कोऱ्या पाटीसारखे असते. पहिल्या हंगामात रोखीने घेणे, दुसऱ्यात थोडे उधार घेऊन मुदतीआधी फेडणे, हाच पत उभी करण्याचा जुना मार्ग आजही चालतो. समाजातील प्रतिष्ठित गृहस्थाची चिठ्ठी घेऊन मोठी उधारी उचलणारे काहीजण असतात. माल अडकला की त्या गृहस्थाचीही अडचण होते, आणि पुढच्या नवागताला मग कोणी चिठ्ठी देत नाही.

मालाचे वेळापत्रक हा नव्या व्यापाऱ्याचा सर्वांत महागडा धडा ठरू शकतो. महाराष्ट्रात चातुर्मास लागला की लग्नसराई थांबते. भारी साड्यांचा माल त्या काळात कोणी भरत नाही. कर्नाटकात आषाढ हा मंदीचा महिना असतो, त्या महिन्यात शुभकार्ये टाळतात आणि दुकानदार आषाढी सवलतींच्या पाट्या लावून जुना माल काढतात. पण श्रावण लागताच चित्र पालटते. श्रावण पौर्णिमेपूर्वीच्या शुक्रवारी वरमहालक्ष्मी व्रत येते. त्या दिवशी कलशाला साडी नेसवून लक्ष्मीची स्थापना होते, घरोघरी सुवासिनींना बोलावितात, आणि त्याआधीचे दोन आठवडे साड्या, चांदी व फुलांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात लग्नेही होतात. गावच्या सवयीने आषाढ-श्रावण दोन्ही मंदीचे धरून जो व्यापारी माल कमी भरतो, त्याचा वर्षातील मोठा हंगाम हातचा जातो. त्यात हे दिवस चातुर्मासातले, पर्युषण तोंडावर आलेले. व्याख्यान आणि गल्ला यांची ओढाताण येथे गावच्यापेक्षा अधिक होते, हे घरच्यांनी आधीच समजून असावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा ही कर्नाटकातील कामगारांच्या जिव्हाळ्याची. वजनकाटा, शिवणयंत्र, दुकानाचे शटर, गाडी या साऱ्यांना हळद-कुंकू लागते, मुरमुरे आणि मिठाई वाटली जाते, आणि उंबऱ्याशी कुंकू भरलेला कोहळा फोडतात. जैन मालकाच्या मनात या शेवटच्या विधीविषयी संकोच असला, तर ते समजण्याजोगे आहे. कोहळा न फोडता पूजा आणि मिठाई मनापासून केली तरी कामगार दुखावत नाहीत. पूजाच टाळली तर मात्र दुखावतात, आणि वर्षभर त्याची आठवण ठेवतात. १ नोव्हेंबर हा राज्याचा स्थापना दिवस. त्या दिवशी लाल-पिवळा ध्वज दुकानाबाहेर लावण्यास कोणी सांगण्याची वाट पाहू नये.

नामफलकाचेही तसेच. फलकावर किमान ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा, असा कर्नाटकाचा कायदा २०२४ पासून आहे. मराठी पाट्यांचा आग्रह महाराष्ट्रात पाहिलेल्या व्यापाऱ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. उलट, गावी ज्यांनी 'दुकानाची पाटी मराठीतच हवी' असे ठासून सांगितले असेल, त्यांना कन्नड पाटीविषयी कुरकूर करण्याचा अधिकार थोडाच उरतो.

नववीतली मुलगी

पेढीचे नुकसान एखाद्या हंगामात भरून निघते. मुलांच्या शिक्षणातील चूक तशी भरून निघत नाही, आणि ती बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. चार वर्षांनी प्रवेशाच्या वेळी येते.

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातील जागेसाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेली असणे ही मुख्य अट आहे. आता नववीत बंगळुरूला जाणाऱ्या मुलीचा हिशेब करावा. नववी ते बारावी, अशी चार वर्षे. म्हणजे महाराष्ट्राची अट सुटली आणि कर्नाटकाची पुरी झाली नाही. पालकांच्या शिक्षणावर किंवा नोकरीवर आधारलेली काही इतर कलमे आहेत. पण व्यापारी घराला त्यांचा लाभ क्वचितच होतो. मग तिच्यासमोर उरतात त्या अखिल भारतीय कोट्यातील जागा आणि अभिमत व खासगी संस्था. जैन समाजाला २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा आहे. परंतु महाविद्यालयांतील अल्पसंख्याक जागांचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले असतात, त्यामुळे जुन्या राज्यातील दाखल्यावर विसंबून राहता येत नाही.

याचा अर्थ मुलीला मागे ठेवावे असा नाही. कोणी मुलीला बारावीपर्यंत थोरल्या काकांकडे ठेवतात आणि राज्याचा हक्क राखतात. पण चौदाव्या वर्षी आईपासून दूर राहण्याची किंमतही असते, ती प्रवेशपुस्तिकेत लिहिलेली नसते. कोणी सरळ ठरवितात की मुलीला वाणिज्य किंवा सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम करावयाचा आहे, त्याला राज्याची अट नाही. मग चिंता कशाला? दोन्ही निर्णय रास्त आहेत. अट एवढीच की तो मुलीला विचारून घेतलेला असावा आणि त्या-त्या वर्षाची प्रवेशपुस्तिका स्वतः वाचून घेतलेला असावा. पाचवीच्या आत जाणाऱ्या मुलांना ही अडचण सहसा येत नाही. ती सात वर्षे सहज पुरी करतात.

घर, गाडी, मत

बंगळुरूत घरभाड्याबरोबर दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची जुनी रूढी आहे. अलीकडे ती कमी करून घेता येते, पण मागितली जाईल हे धरून चालावे. 'लीज' नावाचा दुसरा प्रकार तेथे रूढ आहे : मोठी रक्कम एकदम द्यावयाची, भाडे द्यावयाचे नाही, आणि मुदत संपल्यावर रक्कम परत. व्यापाऱ्याच्या मनाला हा व्यवहार रुचतो. मात्र घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाने हप्ते थकविले, तर रक्कम अडकते. म्हणून मालकीचे कागद आणि कर्जाची स्थिती तपासून, करार नोंदवूनच रक्कम द्यावी. घरात कावेरीचे पाणी येते की केवळ बोअरचे, आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च कोणाकडे, हे भाड्याइतकेच महत्त्वाचे प्रश्न आहेत.

शाकाहारी कुटुंबास घर सहज मिळते, ही सोय खरी. परंतु त्या सोयीपायी सर्व घरे एकाच इमारतीत, एकाच गल्लीत गोळा होतात आणि दहा वर्षे राहूनही शेजारी कन्नड घर नसते. पणजोबांना ही सोय नव्हती. त्यांच्या शेजारी माळी, तेली आणि शिंपी होते, म्हणून नातवंडांना मराठी आले.

गाडीविषयी कायदा सरळ आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या परिवहन कार्यालयाकडून फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला, नव्या राज्याचा कर, आणि मग जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज, असा क्रम आहे. कर्नाटकातील वाहनकर हलका नाही. जुनी गाडी गावी थोरल्या भावाकडे ठेवून तेथे नवी घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. वाहन चालविण्याचा परवाना देशभर चालतो. मतदारयादीतील नाव फॉर्म ८ भरून हलवावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला धरून नाही. आधार, बँक, विमा, गॅस यांचे पत्ते नोंदणीकृत भाडेकरार हाती आला की एकापाठोपाठ एक बदलतात.

बेकु आणि बेड

व्यापारी भाषा शिकतो ती आकड्यांपासून. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. शंभराला नूरु, हजाराला साविर. त्यानंतर दोन शब्द असे येतात की ज्यांच्यावाचून जैन घराचा दिवस जात नाही : 'बेकु' म्हणजे हवे आणि 'बेड' म्हणजे नको. ईरुळ्ळि बेड, बेळ्ळुळ्ळि बेड. कांदा नको, लसूण नको. बटाट्याला आलूगड्डे म्हणतात. दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या उपाहारगृहांत, इडली किंवा साधा दोसा मिळतो, पण सांबारात कांदा असतोच, चटणीत लसणीची शक्यता असते, आणि मसाला दोशात बटाटा. विचारल्यावर उत्तर सौजन्याने मिळते. ते समजण्यापुरती भाषा यावी लागते.

दक्षिण महाराष्ट्रातील माणसाला ही भाषा वाटते तितकी दूरची नाही. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती दोन्हीकडे तीच. तुपाला तेथे तुप्प म्हणतात. वर्णमालेचा क्रम आपल्याच बाराखडीचा, फक्त ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार अधिक. लिपी गोलाकार दिसते म्हणून लोक घाबरतात. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत बसवरच्या पाट्या वाचता येतात. 'नीनु' म्हणजे तू, 'नीवु' म्हणजे तुम्ही. हमालालाही 'बन्नि', या, असे म्हटले तर तो दुसऱ्या खेपेला आपणहून येतो. शाळेत मुलांना कन्नड शिकावेच लागते, आणि मुले आईबापांच्या आधी शिकतात. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

आणि जैन माणसाने कन्नड शिकावे, याला आणखीही एक कारण आहे. त्या भाषेच्या साहित्याची पहिली मोठी उभारणी जैन कवींनी केली. पंपाने ९४१ साली आदिनाथांचे चरित्र गाणारे आदिपुराण रचले, पोन्नाने शांतिपुराण, रन्नाने ९९३ साली अजितपुराण. या तिघांना कन्नड साहित्याची रत्नत्रयी म्हणतात. अत्तिमब्बे या श्राविकेने शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, असे परंपरा सांगते. छपाईपूर्वी कित्येक शतके.

सूर्य थोडा लवकर मावळतो

नव्या गावी सर्वांत जास्त हरवते ती घरातली वृद्ध आई. धाकट्याला पेढी आहे, सूनबाईला घर आणि शाळा, मुलीला मैत्रिणी मिळतात. आईला मात्र दार उघडून कोणाशी बोलावे हे कळत नाही. तिचा दिवस घड्याळावर चालत नाही, सूर्यावर चालतो, आणि सूर्यच येथे वेगळ्या वेळी उगवतो-मावळतो. जूनमध्ये मुंबईला सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, तर बंगळुरूला पावणेसातच्या सुमारास. जवळजवळ अर्ध्या तासाचे अंतर. जयसिंगपूरचे अंतर त्याहून थोडे कमी, पण चौविहार करणाऱ्याला जाणवेल इतके. हिवाळ्यात सायंकाळचा फरक काही मिनिटांवर येतो आणि सकाळचा वाढतो : जानेवारीत बंगळुरूचा सूर्य मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी उगवतो, म्हणजे नवकारशीही लवकर येते. दुकान सात वाजता बंद करून घरी जेवणारा मुलगा गावी वेळेत पोहोचत असे. बंगळुरूच्या रहदारीत तो पोहोचत नाही. सायंकाळचा डबा दुकानी पाठविण्याची सोय पहिल्या आठवड्यातच करावी आणि स्थानिक संघाचे तिथिदर्पण भिंतीवर लावावे. गावचे जुने पंचांग वेळांसाठी निरुपयोगी असते.

संघाचेही दोन प्रकार दिसतील. पेठेतील व आसपासच्या श्वेतांबर आणि स्थानकवासी संघांत व्यवहार हिंदी, मारवाडी, गुजरातीत चालतो. मराठीभाषक आईला तो समजतो, पण त्यात तिला बोलता येईलच असे नाही. दिगंबर घराला कर्नाटकातील जुनी परंपरा अधिक जवळची वाटते. तेथे मंदिराला बसदि म्हणतात, आणि भट्टारकांची पीठे कोल्हापूर-नांदणीप्रमाणेच श्रवणबेळगोळ, मूडबिद्री, हुंबुज येथे आहेत. मराठी बोलणाऱ्या दोन-चार घरांचा पत्ता काढून आठवड्यातून एक दुपार तिला तेथे पोहोचविणे, हे सून-मुलाचे काम. ते दुकानाच्या हिशेबात धरले पाहिजे.

श्रवणबेळगोळ बंगळुरूपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री चामुंडराय याने तेथे सत्तावन्न फुटांची गोम्मटेश्वराची मूर्ती घडविली. दर्शनाला गेलेली मराठी माणसे सहाशेहून अधिक पायऱ्या चढून वर जातात, मूर्तीच्या मुखाकडे पाहतात आणि परततात. पायांशी वाकून पाहणारे थोडे. तेथे कन्नड व तमिळ लेखांच्या सोबतीला नागरी लिपीत दोन छोटी मराठी वाक्ये कोरलेली आहेत. पहिले मूर्ती चामुंडरायाने करविल्याचे सांगते, दुसरे भोवतालचा परिसर होयसळांचा सेनापती गंगराज याने करविल्याचे. मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत त्यांची गणना होते. आईला तेथे नेले, तर ती दोन वाक्ये तिला बोट ठेवून दाखवावीत. ती वाचू शकेल.

गुढीपाडव्याला कर्नाटकात युगादी असते. दोन्हीकडे कडुनिंब खातात. तिकडे गुळासह, 'बेवु-बेल्ल' म्हणून. पहिल्या वर्षी शेजारच्या कन्नड घरी आपली पुरणपोळी पाठवावी. बदल्यात ओबट्टु येईल, आणि ती पुरणपोळीच आहे हे पाहून दोन्ही स्वयंपाकघरांत हसू पिकेल.

राहिला प्रश्न गावच्या घराचा. निघतानाच ते विकून भांडवल पेढीत घालावे, असा सल्ला देणारे भेटतात. पहिल्या वर्षी तसे करू नये. किल्ली थोरल्या भावाकडे असावी, घरपट्टी आणि वीजबिल कोण भरणार ते लिहून ठेवावे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आई व मुलीला तेथे महिनाभर राहता यावे. बंगळुरूचा भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तो संपण्यापूर्वी, नवव्या किंवा दहाव्या महिन्यात, सर्वांनी गावच्या घरी एकत्र बसावे : पेढीची वही, मुलीची गुणपत्रिका आणि आईचे म्हणणे, तिन्ही समोर ठेवून. आईला आधी बोलू द्यावे.